खर्जाचा खर्च

काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. बेस गिटारची सर्वांत जाड तार तेवढ्याच वेळात जेमतेम ४१ वेळा. म्हणजे ज्या स्वराला आपल्याकडे खर्जाचा मान दिला जातो, त्याच्याही बऱ्याच खाली या वाद्याचा मुक्काम असतो. गाणे ऐकताना हा स्वर बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तो नाहीसा झाला, की मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. तबलजीने डग्ग्यावरचा हात काढून घ्यावा आणि केवळ चाटीवर ठेका चालवावा, तशी अवस्था होते.

महाविद्यालयीन बँड, लग्नसराईतील वाद्यवृंद, चर्चमधील गायनसमूह, नवरात्रातील दांडियाचे मंच अशा अनेक ठिकाणी आज हे वाद्य दिसते. ते विकत घेणाऱ्यांचा हिशेब मात्र बहुधा उलटा असतो. जमवलेल्या पैशांपैकी बहुतेक रक्कम चकचकीत वाद्यावर खर्च होते, उरलेल्या चिल्लरीत अ‍ॅम्प्लिफायर येतो आणि तो ज्या सॉकेटमध्ये लावायचा, त्याचा विचार तर कोणीच करत नाही. खालचा स्वर घडवण्याचा खरा खर्च नेमका या दुर्लक्षित दोन गोष्टींत दडलेला असतो. पहिली चुकली तर पैसे वाया जातात. दुसरी चुकली तर प्रसंगी जीव जातो.

दुरुस्तीच्या दुकानातून आलेले वाद्य

बेस गिटारचा जन्म एखाद्या संगीतशाळेत झाला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. त्यापूर्वी १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी विजेवर चालणारा बेस तयार केला होता, पण तो फारसा खपला नाही. तोवर खालच्या स्वरांसाठी माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस उभा धरून वाजवावा लागे. त्याला पडदे नसत, त्यामुळे बोट केसभर हलले तरी स्वर बेसूर होई. शिवाय तुताऱ्या आणि ड्रम यांच्या गजरात तो ऐकूही येत नसे. फेंडर यांनी वाद्य आडवे केले, त्याला सतारीसारखे पडदे बसवले आणि आवाजाची जबाबदारी विजेवर सोपवली. नावातला ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा, तो या पडद्यांमुळे आला. विशेष म्हणजे खुद्द फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे.

दुसऱ्याच वर्षी, १९५२मध्ये, त्यांनी या वाद्यासाठी ‘बेसमन’ नावाचा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर काढला. वाद्य आणि अ‍ॅम्प्लिफायर ही जोडी आहे, हे उत्पादकाने पहिल्यापासून ओळखले होते. पुढे गंमत अशी झाली, की बेसमनचे नंतरचे मॉडेल बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच अधिक आवडले आणि त्याच्याच आराखड्यावरून १९६२मध्ये लंडनमध्ये पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. बेसवाल्यांची खरी गरज १९६९मध्ये भागली. त्या वर्षी अँपेग कंपनीने ३०० वॅटचा ‘एसव्हीटी’ बाजारात आणला. नुसत्या अ‍ॅम्प्लिफायरचे वजन चाळीस किलोच्या घरात आणि सोबत प्रत्येकी आठ स्पीकर असलेली दोन कपाटे. ती उचलायला माणसे वेगळी.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्या बेस गिटारने एक पिढी घडवली. श्रोत्यांना त्यांचे नाव ठाऊक नसले तरी त्यांचा स्वर ठाऊक आहे. ए. आर. रहमान यांच्या ध्वनिमुद्रणांत चेन्नईचे कीथ पीटर्स यांचे बेसवादन आहे. आज मुंबईच्या मोहिनी डे हे नाव देशाबाहेरही आदराने घेतले जाते. मागे उभे राहून वाजवण्याचे हे वाद्य आता पुढे आले आहे, आणि त्यामुळेच ते घेऊ पाहणाऱ्यांची संख्याही वाढली आहे.

वॅटचा फसवा आकडा

दुकानात अ‍ॅम्प्लिफायर निवडताना ग्राहकाची नजर प्रथम वॅटच्या आकड्यावर जाते. ५० वॅटऐवजी १०० वॅटचा घेतला, की आवाज दुप्पट मिळेल, अशी त्याची समजूत असते. कानाचा कारभार असा सरळ चालत नाही. शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि हा फरक कानाला थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा, यासाठी शक्ती जवळजवळ दहापट लागते.

त्यात कान खालच्या स्वरांच्या बाबतीत मुळातच मठ्ठ. १००० हर्ट्झचा स्वर निरोगी कानाला शून्य डेसिबलच्या आसपासही जाणवतो. ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायलाच सुमारे ५० डेसिबलची पातळी लागते. म्हणूनच ज्या खोलीत ३० वॅटचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर ड्रमच्या बरोबरीने खणखणतो, तेथे बेसला दोनशे-तीनशे वॅट लागतात. यात एक दिलासाही आहे. जाड तारेच्या ४१ हर्ट्झच्या मूळ स्वरासोबत ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वरही उमटत असतात, आणि कान त्यांच्या आधारे मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो. म्हणून लहान स्पीकरवरही बेस पूर्णपणे हरवत नाही.

वॅटपेक्षा स्पीकरकडे पाहणे अधिक फायद्याचे ठरते. स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडा दिलेला असतो. एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, ते तो सांगतो. ९४ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९७ डेसिबलचा घेतला, तर तोच अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट शक्तीचा झाल्यासारखा वागतो. विक्रेते हा आकडा सहसा आपणहून सांगत नाहीत. तो विचारून घ्यावा.

गरजेचा अंदाज साधारण असा बांधता येतो. घरी सरावासाठी १५ ते ३० वॅटचा, हेडफोनची सोय असलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. ड्रमवाल्यासोबत तालीम करायची, तर १०० वॅटच्या खाली भागत नाही. छोट्या मंचासाठी ३०० वॅट भरपूर झाले. मोठ्या सभागृहात मात्र बेसचा आवाज ‘डीआय बॉक्स’मधून थेट ध्वनियंत्रणेकडे जातो आणि वादकाजवळचा अ‍ॅम्प्लिफायर उरतो केवळ त्याला स्वतःला ऐकू यावे म्हणून. तेव्हा ‘पुढे मोठे कार्यक्रम करायचे आहेत’ म्हणून सुरुवातीलाच डोंगराएवढे यंत्र घेण्यात अर्थ नाही. ‘क्लास डी’ प्रकारच्या आधुनिक अ‍ॅम्प्लिफायरचे वजन दोन-तीन किलोंवर आले आहे. लोकलमधून प्रवास करणाऱ्या वादकाला ही मोठीच सोय.

पैसे वाचवण्यासाठी मित्राच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बेस जोडण्याची पद्धत सर्रास दिसते. हळू आवाजात काही बिघडत नाही. आवाज वाढवला, की गिटारसाठी बनवलेला स्पीकरचा पातळ पडदा खालच्या स्वरांमुळे गरजेपेक्षा जास्त पुढे-मागे होतो आणि एके दिवशी फाटतो. याउलट बेस अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गिटार खुशाल जोडावी.

दोन स्पीकर जोडणाऱ्यांनी ओहमचे गणितही लक्षात ठेवायला हवे. ८ ओहमची दोन कपाटे समांतर जोडली, की एकूण रोध ४ ओहम होतो. ४ ओहमची दोन जोडली, तर २ ओहम. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेल्या किमान मर्यादेखाली गेल्यास तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नियम वेगळा आहे. तो स्पीकर न जोडता चालू केला, तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि वाद्याची बारीक वायर स्पीकरसाठी वापरणे दोन्हींत वर्ज्य. दोन्ही वायरींची टोके एकसारखी दिसत असल्यामुळे ही चूक जुनेजाणतेही करतात.

खोलीचाही वाटा आहे. ४१ हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. शहरातल्या दहा फुटी खोलीत ती मावत नाही. अशा खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये घुमत राहतो, आणि बेसच्या मोकळ्या ‘ए’ तारेचा स्वर ५५ हर्ट्झचा आहे. साहजिकच तो एकच स्वर भुंग्यासारखा घोंघावतो आणि बिचारा वादक वाद्यात दोष शोधत बसतो. अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढला आणि फरशीऐवजी जाड फोमवर किंवा स्टुलावर ठेवला, तर बराच फरक पडतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही पडतो, कारण खर्जाचे स्वर स्लॅबमधून सहज उतरतात. रात्री दहानंतर हेडफोनला पर्याय नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे, आणि सोसायटीचे सचिव त्याहून कडक असतात.

मान पाहून घ्यावी

वाद्य घेताना रंग आणि नाव यांआधी मान पाहावी. बेसच्या घोडीपासून मानेच्या टोकावरील पट्टीपर्यंत तारेची वाजती लांबी सहसा ३४ इंच असते. लहान हाताच्या किंवा कोवळ्या वयाच्या शिकाऊसाठी ३० इंची वाद्येही मिळतात आणि ती कमअस्सल मुळीच नाहीत. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस त्याच मापाचा. १९६१मध्ये हँबुर्ग येथे घेतलेले हे वाद्य १९७२मध्ये लंडनमध्ये चोरीला गेले, ते परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झाले आणि दुरुस्तीनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात मॅकार्टनी यांनी ते लंडनच्या मंचावर पुन्हा वाजवले. इतकी वर्षे अडगळीत काढलेले वाद्यही दुरुस्त होऊ शकते, हे जुने वाद्य घेऊ पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जुन्या वाद्याची परीक्षा दुकानातच करता येते. बंदुकीचा नेम धरावा तशी मान डोळ्यासमोर धरून पाहिली, की पीळ पडला असल्यास दिसतो. किंचित बाक दुरुस्त होतो. पिळाला सहसा इलाज नाही. मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक पडदा सावकाश वाजवून पाहावा. फेंडर घाटाच्या बेसमध्ये सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यांदरम्यान एखादा स्वर लवकर विझतो, त्याला ‘डेड स्पॉट’ म्हणतात. तो लाकडाच्या कंपनामुळे असतो, बहुधा कायमचा असतो आणि महागड्या वाद्यांतही आढळतो. पट्टा लावून पंधरा मिनिटे उभे राहून पाहावे. चार-साडेचार किलोंचे ओझे दोन तास खांद्यावर वागवायचे आहे.

पाच तारांचा मोह नवशिक्याने टाळावा. पाचवी तार ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. तो स्वर नीट ऐकवणारा अ‍ॅम्प्लिफायर नसेल, तर त्या तारेचे पैसे फुकट.

थांबवण्याची कला

वाजवण्याबाबत एकच गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे, कारण शिकाऊ तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. बेसवर स्वर काढण्याइतकेच तो थांबवणे महत्त्वाचे असते. एक तार छेडली, की शेजारच्या तारा सहानुभूतीने थरथरू लागतात आणि अ‍ॅम्प्लिफायर ती थरथर मोठी करून सांगतो. उजव्या हाताचा अंगठा आणि डाव्या हाताची मोकळी बोटे या तारांवर अलगद टेकवून ठेवणे, हा कौशल्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा ड्रमवाल्याच्या पायाकडे कान देण्याचा.

बोटे किती वापरावीत, यावरून वाद घालण्यात हशील नाही. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत. अंगठ्याने तारेवर आघात करण्याची पद्धत लॅरी ग्रॅहम यांनी रूढ केली, तीही अडचणीतून. आईसोबत कार्यक्रम करताना ड्रमवादक नव्हता, म्हणून ठेकाही त्यांनी तारांवरच काढला.

पावसाळा आणि लाकूड

चार तारांचा एकत्रित ताण सुमारे पाऊणशे किलोंचा असतो. एक धडधाकट माणूस वाद्याच्या मानेला अहोरात्र लोंबकळत असल्यासारखेच ते आहे. या ताणाला तोंड देण्यासाठी मानेच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते. तिला ‘ट्रस रॉड’ म्हणतात. लाकूड, तारा आणि सळई यांचा हा त्रिपक्षीय समझोता कोरड्या हवेत ठीक चालतो. वाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता उत्तम मानली जाते. मुंबई आणि कोकणात जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते. लाकूड फुगते, मानेचा बाक बदलतो, आणि मे महिन्यात लोण्यासारखे चालणारे वाद्य गणपतीच्या सुमारास खडखडू लागते.

बाक तपासायला विशेष हत्यार लागत नाही. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मानेच्या शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी, म्हणजे ती सरळ पट्टीचे काम करते. मध्यावर, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांच्यात सुमारे ०.३ मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी. फट जास्त असेल तर सळईची चावी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, आणि पुढचा फेरा लाकडाला रात्रभर विसावा दिल्यावर. चावी फिरत नसेल, तर जोर लावू नये. तुटलेली सळई बदलणे हे मान उकलण्याचे काम आहे, आणि अनेकदा ते वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

त्यानंतरच तारांची उंची पाहावी. बाराव्या पडद्यावर जाड तार दोन ते अडीच मिलिमीटर उंच असली, की बहुतेकांचे भागते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मान, मग उंची, मग घोडी पुढे-मागे सरकवून स्वरांची जुळणी. पुष्कळ जण उलट्या टोकाने सुरू करतात आणि आठवडाभर गोल फिरत राहतात.

तार पडद्याला घासून होणारा खरखराट हा बेसवर दोष समजला जातो. तानपुऱ्यात हाच खरखराट घोडी घासून, दोरा सरकवून मुद्दाम साधला जातो. मिरजेच्या कारागिरांची जवारी काढण्याची हातोटी ती हीच. बेसच्या जगात त्याच्या जवळ गेलेले वाद्य एकच, ते म्हणजे बिनपडद्याचा बेस. अमेरिकन वादक जॅको पॅस्टोरियस यांनी आपल्या फेंडर बेसचे पडदे उपटून काढले, खाचा भरून घेतल्या आणि वर बोटींना लावतात तसले इपॉक्सी चढवले. १९७६च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तारेचा लाकडावर उमलणारा, गुणगुणता स्वर जगाने ऐकला. जवारीशी परिचित कानाला तो परका वाटत नाही.

तारांच्या बाबतीत जेमरसन यांचे उदाहरण वादाला खतपाणी घालते. तार तुटल्याशिवाय ती बदलायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. मात्र त्यांच्या तारा चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत होत्या; त्या जुन्या झाल्या तरी मऊ, गोलाकार वाजतात. आज बहुतेक वाद्यांवर येणाऱ्या खडबडीत तारांच्या खाचांत घाम आणि मळ साचतो, आणि किनारपट्टीच्या हवेत त्या दोन-तीन महिन्यांत मुक्या होतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारांची खालची बाजूही पुसली, तर हे आयुष्य वाढते. निस्तेज तारा पाण्यात उकळून, नीट वाळवून पुन्हा चढवण्याचा जुना उपाय चालतो, पण थोडेच दिवस. बेसच्या तारांचा संच गिटारच्या संचाच्या कित्येक पट महाग असल्यामुळे तो बेसवाल्यांतच टिकून आहे.

बोटांखालची पट्टी शिसवी लाकडाची असेल, आणि जगभरच्या असंख्य वाद्यांत ती भारतीय शिसवीचीच असते, तर वर्षातून एक-दोनदा तिला लेमन ऑइलचा हात द्यावा. लॅकर चढवलेल्या मेपलच्या फिकट पट्टीला तेल लावू नये. वाद्य ओल येणाऱ्या भिंतीला टांगू नये आणि पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेले वाद्य पेटीतच थोडा वेळ राहू द्यावे. बटणे फिरवताना खरखर होत असेल, तर विद्युत उपकरणांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा, शिवणयंत्राचे तेल नव्हे. बॅटरीवर चालणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ वाद्यात वायर खोचली, की बॅटरी सुरू होते. वायर तशीच ठेवून झोपणाऱ्याला सकाळी नवी ९ व्होल्टची बॅटरी आणावी लागते.

तिसरी पिन

३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वे यांनी मंचावर मायक्रोफोनला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने ते कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. उपकरणांना योग्य अर्थिंग नव्हते.

विजेवरच्या गिटार आणि बेसच्या तारा घोडीतून, वायरीमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला आणि तेथून जमिनीला जोडलेल्या असतात. तारांना हात लावला, की गुणगुण कमी होते, ती यामुळेच. म्हणजेच वादकाचा हात सतत अर्थिंगला धरलेला असतो. अर्थिंग नीट असेल, तोवर ही सुरक्षित गोष्ट आहे. पण ध्वनियंत्रणा एका जनित्रावर, अ‍ॅम्प्लिफायर मांडवातल्या दुसऱ्या बोर्डावर आणि दोहोंपैकी एकाचे अर्थिंग तुटलेले असेल, तर वादकाची बोटे तारेवर आणि ओठ मायक्रोफोनवर टेकताच वीज छातीमार्गे आपली वाट शोधते. गणेशोत्सवाच्या आणि नवरात्राच्या मांडवांत, पावसाने भिजलेल्या मंचावर, ही परिस्थिती अपवादात्मक नाही. ‘माइकला जरा करंट येतोय’ हे वाक्य कार्यक्रमाआधी हसत उच्चारले जाते. तो किरकोळ झिणझिण्यांचा प्रश्न नसून यंत्रणेत कोठेतरी तिसरी वायर तुटली असल्याची सूचना असते, आणि त्या क्षणी कार्यक्रम थांबवून तपास करणे एवढाच शहाणपणा उरतो.

ही तिसरी वायर अनेकदा मुद्दाम तोडली जाते. दोन उपकरणे दोन वेगळ्या सॉकेटवर असली, की अर्थिंगच्या वायरींचे वेटोळे तयार होऊन स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो. एखाद्याच्या ध्यानात येते, की तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन काढली की आवाज जातो. आवाज जातो, त्यासोबत संरक्षणही जाते. योग्य उपाय साधा आहे. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत, आणि तरीही आवाज उरला तर डीआय बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण वापरावे. ते केवळ ध्वनीच्या वायरीचे अर्थिंग सोडवते, विजेच्या जोडणीला हात लावत नाही.

परदेशातून आलेल्या यंत्रांचा धोका वेगळा. अमेरिकेतील नातेवाइकाने प्रेमाने आणलेला अ‍ॅम्प्लिफायर १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच दिवशी फ्यूज उडवतो किंवा ट्रान्सफॉर्मर जाळतो. यंत्राच्या पाठीवर ‘१००-२४०’ असे लिहिले असेल किंवा व्होल्टेज बदलण्याचे बटण असेल, तर चिंता नाही. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि तोही यंत्राला लागणाऱ्या शक्तीपेक्षा सढळ क्षमतेचा. येथे एक सापळा आहे. बाजारातल्या अनेक स्वस्त ट्रान्सफॉर्मरना आणि अ‍ॅडॉप्टरना दोनच पिनांची सोय असते. अमेरिकन प्लगची तिसरी, गोल पिन त्यात हवेत लोंबते, आणि हजारो रुपयांचे ते यंत्र अर्थिंगविना चालते. घेण्यापूर्वी अर्थिंगची पिन आतपर्यंत जोडलेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून अधिक प्रवाह वाहिल्यावरच पडतो. हृदयाची लय बिघडायला त्याचा शंभरावा भागही पुष्कळ होतो. माणसाला वाचवते ते आरसीसीबी हे उपकरण. ३० मिलिअँपिअर प्रवाह भलत्या वाटेने जाऊ लागताच ते वीज तोडते. तालमीच्या खोलीत ते हवेच, आणि बाहेर वाजवणाऱ्या बँडने ते बसवलेला स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड वायरमनकडून तयार करून घेतला, तर तो खर्च तारांच्या एक-दोन संचांएवढा असतो. मंचावर पोहोचल्यावर वाद्य गळ्यात अडकवण्याआधी मायक्रोफोनच्या जाळीला टेस्टर लावून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. दिवा लागला, तर त्या मायक्रोफोनजवळ कोणीही जायचे नाही.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी उघडण्याचा उत्साह मात्र कोणी दाखवू नये. त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ शेकडो व्होल्ट धरून बसतात. त्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षर असलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. खटका पडून वीज गेली पाहिजे. नाही गेली, तर ते उपकरण निकामी झाले आहे. नवे बसेपर्यंत त्या बोर्डावर अ‍ॅम्प्लिफायर लावायचा नाही.